पाळीव झालेला जंतू

प्रिय देवव्रत,

‘प्रिय’ हाताच्या सवयीने लिहिलं गेलं, हुरळून जाऊ नकोस. दर्शना सोमवारी लॅबमध्ये येणार नाही. तुझी ही विद्यार्थिनी मुलुंडच्या हॉस्पिटलात आहे. ताप, आखडलेली मान आणि परवापासून उजव्या कानात शिट्टी. कान वाचेल की नाही, ते दोन दिवसांनी कळेल म्हणतात. तू तिला व्हायरल असेल, तापाची गोळी घे, असं सांगितलंस म्हणे. माणसांचा डॉक्टर कधी झालास रे?

ती मला ओळखतही नव्हती. फ्रीझरमधल्या नळ्यांवर अजून माझ्याच अक्षरात माझं नाव आहे, त्यावरून तिने मला शोधलं आणि मेसेज केला की हिरव्या टोपणाची नळी फुटून बोट कापलंय, काही होतं का? मी वाचलं, रिक्षाने तिच्या खोलीवर गेले आणि तिला हॉस्पिटलात नेलं.

त्या नळीतला जंतू आपण दोघांनीच आणलेला. मार्व्याहून बोटीने मनोरीला जायचं, कापलेल्या डुकरांच्या टॉन्सिलमधून नमुने घ्यायचे. तू नाकाला रुमाल लावून लांब उभा, घशात बोटं मी घालायची, आणि पेपरात पहिलं नाव तुझं. बिचाऱ्या डुकराच्या घशात तो वर्षानुवर्षं राहतो आणि डुकराला पत्ता नसतो. जंतूच्या अंगावर साखरेचा कोट असतो, आणि त्यातली साखर डुकराच्या पेशींवर असते तीच, आपल्याही पेशींवर असते तीच. पांढऱ्या पेशी त्याला घरचा समजून सोडून देतात. एखाद्या प्रतिपिंडाने पकडलंच, तर ते कापून टाकण्याची सोय त्याच्याकडे आहे. तुला वाटेल आता मी तुझी त्याच्याशी तुलना करणार. तेवढी तुझी लायकी नाही. तो जगण्यासाठी फसवतो, तू टाळ्यांसाठी.

आणि ज्याच्यावर भाषणं ठोकतोस, तो तुला कळलाही नाही. लॅबच्या प्लेटवर वाढवत राहिलं की त्याला मारायला कोणी नसतं, म्हणून हळूहळू तो कोट टाकून देतो, इथवर तुझं बरोबर. पण सगळे टाकत नाहीत. लाखात दोन-चार कोटवाले उरतात, आणि माणसाच्या रक्तात शिरल्यावर बाकीचे मरतात, हेच वाढतात. तू मायक्रोस्कोपखाली चार थेंब पाहिलेस आणि जाहीर केलंस की हा आता पाळीव झालाय, हातमोज्यांत वेळ कशाला घालवता. त्या नळ्यांना कौतुकाने हिरवी टोपणं लावलीस. पहिल्या वर्षाच्या मुलानेही ही चूक केली नसती. नऊ वर्षांपूर्वी हेच तू मला सांगितलं होतंस.

तेव्हा आपला साखरपुडा झाला होता. लॅबमध्ये मला याच जंतूची सुई टोचली, चौथ्या दिवशी मी तापाने फणफणत होते, आणि तू माझ्या उशाशी बसून डॉक्टरांना सांगितलंस की भाजी चिरताना सुरी लागली. विक्रोळीच्या त्या दीड खोलीच्या लॅबची परवानगी जाऊ नये म्हणून. योग्य औषध मिळायला आणखी चार दिवस गेले. आज माझा डावा कान पूर्ण गेलाय, उजव्यात यंत्र आहे, भांडुपच्या घरी बेल वाजली की दिवा लागतो. लग्न मोडायला तू आईला पाठवलंस. स्वतः यायची हिंमत तुझ्यात कुठून येणार!

काल मी दर्शनाच्या डॉक्टरांना जंतूचं पूर्ण नाव लिहून दिलं. तासाभरात औषध सुरू झालं. पण नुसतं हिणवायला एवढं पत्र लिहिलं नसतं, दोन ओळींचा मेसेज पुरला असता. आज सकाळी ताप जरा उतरल्यावर दर्शनाने मला एकच विचारलं, मॅडम, तुम्ही हे आधी का नाही सांगितलंत? तिचे ओठ मला नीट वाचता आले. सुरीची थाप तू मारलीस तेव्हा मी मान डोलावली होती, आणि मोडलेल्या लग्नाचा सूड म्हणतील या भीतीने नऊ वर्षं गप्प बसले. तुझी मला किळस येते, पण या पोरीच्या बाबतीत मी तुझ्याहून फार वेगळी नाही. तिथून सरळ तुझ्या संस्थेच्या सुरक्षा समितीकडे गेले आणि लेखी जबाब दिला. त्यात तुझ्या नावाखाली माझंही नाव घातलंय.

एवढ्यापुरती तुझीच साक्षीदार,
रेवती