आजीचा प्रश्न बाद

प्रिय ताई,

शाळेच्या मागच्या जिन्यावर तुझा डबा निसटला होता तो दिवस आठवतो का? जिन्यावर बोलायचं नाही असा नियम, वर सिस्टर उभ्या, आणि तुझा ॲल्युमिनियमचा डबा एकेक पायरी मोजत खाली निघाला. चौतीस पायऱ्या. मी तुझ्यापुढे होते. डबा माझ्या बुटाला लागून पुढे गेला, पण मी खाली पाहिलं नाही आणि तू हाक मारली नाहीस. खाली पोचल्यावर तू झाकण उचललंस, मी डबा उचलला आणि आपण मुकाट्याने प्रार्थनेला उभ्या राहिलो. हसलो ते संध्याकाळी घरी आल्यावर, दप्तरं खुंटीला लावून झाल्यावर. त्या शिस्तीचा मला पन्नास वर्षं अभिमान होता. या आठवड्यात त्या अभिमानाला जरा पाणी लागलं, ते सविस्तर लिहिते.

आधी तुला वाकून नमस्कार. (वाकताना कंबर जे काही म्हणाली ते कागदावर उमटत नाही, हे एक बरं.) डावा गुडघा कसा आहे? उजवा त्याची नक्कल करायला लागलाय असं तू लिहिलं होतंस, ते थांबलं का? भावोजी सकाळी फिरायला जातात, की फिरायला जातो असं सांगून कोपऱ्यावरच्या बाकावर बसून येतात? माझी तब्येत उत्तम आहे. फक्त गुडघ्याखालचे पाय कुणा दुसऱ्याचे आहेत असं सोमवारपासून वाटतंय.

तर तू सोपवलेलं काम. शाळेने तुला निवृत्त केलं तरी प्रवेशाच्या समितीवर ठेवलं, (शाळेने तुला ठेवलं की तू शाळेला, यात मी पडत नाही) आणि तू माझ्या नातवंडांसाठी दोन जागा शनिवारी दुपारी बारापर्यंत अडवून धरल्यास. लेक मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवते, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती पाच दिवस प्रशिक्षणाला बाहेरगावी, जावई हॉस्पिटलात नर्स, त्याच्या ड्यूटीला ना शेंडा ना बुडखा, म्हणून मुलांजवळ मी. तू फॉर्म पिशवीत घालून देताना म्हणालीस की आठवडाभर नीट बघ, पोरं घरात राहून रानटी होत असतील तर भरून पाठव, मग तुझ्या लेकीची समजूत मी घालते. ताई, तुझ्यासमोर मी मान हलवली. तुझ्यासमोर मी नेहमीच मान हलवते.

मुलं तुला आठवत असतील. थोरली आठ वर्षांची, तिला आम्ही फौजदार म्हणतो, कारण ती खोलीत आली की आपण काहीतरी चोरल्यासारखं वाटतं. धाकटा सहाचा, मुंगळा, एकदा चिकटला की सुटत नाही. मुंगळ्याला अजून वाचता येत नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुझ्याशी लपवाछपवी नको. मी रविवारी पोचताच त्याच्यासमोर अक्षरांचे पत्ते मांडले. त्याने ते नीट पाहिले, गोळा केले, मला परत दिले आणि म्हणाला, "ठेव आजी, मला नंतर लागतील." जणू मीच ते विसरून गेले असते.

घरी शाळा म्हणजे मुलं घरी बसतात अशी माझी समजूत होती. ती मुलं घरी फक्त झोपतात. लेकीने आठवड्याचा कागद फ्रिजवर लावून ठेवला होता. रोज एक जागा, रोज एक काम करणारं माणूस, आणि आधीच फोन करून ठरवलेल्या वेळा. नियम एकच. जो जाईल त्याने त्या माणसाला एक प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर आपल्याला येत नाही असा. मोठ्यांना सूट नाही. फौजदार वहीत तिघांचे प्रश्न लिहून घेते.

सोमवारी अग्निशमन केंद्र. मी साडी नीट करून, मुलांना रांगेत उभं करून (दोघांची रांग होत नाही म्हणून मीही त्यात) आत गेले. फौजदाराने तिथल्या मिशाळ प्रमुखांना विचारलं, दिवसभर कंटाळा आलेला बरा वाटतो की आग लागलेली? मी डोळे मिटून घेतले. प्रमुख पाण्याच्या नळीकडे बघून म्हणाले, "कंटाळा. आम्हाला कंटाळा येतोय म्हणजे गाव सुखात आहे." मग माझी पाळी आली. मी घसा साफ केला आणि विचारलं, आगीपासून बचाव करण्याचे तीन उपाय कोणते? प्रमुखांनी सावधान उभं राहून तिन्ही सांगितले. बाहेर आल्यावर फौजदाराने पेन्सिल काढली. "आजी, तुझा प्रश्न बाद. तुला उत्तर येत होतं. ते सांगत होते तेव्हा तू मान हलवत होतीस."

ताई, मी एकतीस वर्षं वर्गात प्रश्न विचारले. हिशोब केला तर लाखाच्या घरात जातील. त्यातल्या एकाचंही उत्तर मला येत नव्हतं असं झालं नाही. येत नसतं तर मी विचारलाच नसता, वर्गाची लाज राखायची असते. आणि त्याच्याआधी बारा वर्षं आपण नुसती उत्तरं दिली. म्हणजे प्रश्न मी विचारला तरी कधी?

मंगळवारी लिफ्ट दुरुस्त करणारा. आठ मजली इमारतीच्या गच्चीवर त्याची यंत्रांची खोली, तिथवर शेवटचे दोन जिने चढूनच जावं लागतं. (लिफ्ट बघायला जिने चढणारी मी पहिलीच नसेन अशी आशा आहे.) मोठं चाक, काळे दोर, वंगणाचा वास, आणि तो माणूस हातातला बोळा बाजूला ठेवायला तयार नाही, कारण आम्हाला काय दाखवायचं हेच त्याला कळेना. मुंगळा त्याच्या पायाशी बसला होता. त्याने विचारलं, "काका, लिफ्टला कुणीच बोलावलं नाही तर ती कुठे थांबते? आणि ते कोण ठरवतं?" त्या माणसाने बोळा खाली ठेवला. म्हणाला, एरवी तळमजल्यावर, पण या इमारतीत दुपारी चार ते सहा ती तिसऱ्यावर थांबते. तिसऱ्यावर एक आजोबा आहेत, त्यांना खाली बागेत जायचं असतं पण उभं राहून वाट बघवत नाही. "मीच तसं लावून ठेवलंय. त्यांना वाटतं त्यांचं नशीब चांगलं आहे. तुम्ही कुणाला बोलू नका." मी त्या गच्चीवर वाऱ्यात उभी होते आणि मला शाळेच्या प्रार्थनागृहात सकाळी एकटं गेल्यावर वाटायचं तसं वाटलं. बावीस वर्षांच्या कामात त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. अक्षर न येणाऱ्या पोराने विचारलं. (माझा त्या दिवसाचा प्रश्न, एका वेळी किती माणसांनी चढावं. दारावरच लिहिलेलं होतं. बाद.)

बुधवारी भिंगं घासणाऱ्या बाई. माझा प्रश्न बाद, त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

आता गुरुवार. पाणी शुद्ध करतात तिथे जायचं होतं, बसने. आदल्या तीन दिवसांत माझा जरा अपमान झाला होता, म्हणून सकाळीच मी घरात आपली शाळा लावली. आजीच्या परवानगीशिवाय बोलायचं नाही, बोलायचं असेल तर हात वर करायचा, आणि आजीने नाव घेतल्यावर बोलायचं. दोघांनी निमूट ऐकलं, त्यांना तो नवा खेळ वाटला. बसमध्ये सगळ्यात मागची सीट धरली, हाताची घडी, पाठ ताठ. मला बंद खिडकी सोसत नाही म्हणून खिडकी पूर्ण उघडी. बस कशी शांत चालली होती म्हणून सांगू. एकेक करून माणसं उतरली. कौतुकाने बघायला कुणीतरी उरावं असं मला वाटत होतं, पण कुणी उरलं नाही. मी बाहेर बघत आपल्या मदर सुपीरियरना मनातल्या मनात सांगत होते, बघा, एका सकाळीत मुलं कशी वळणावर आणली.

बस एका मोठ्या फाटकातून आत गेली. समोर दोन निळे केसाळ खांब गरगर फिरत होते. तो बसआगार होता, ताई, आणि ते बस धुण्याचं यंत्र होतं. पुढचं सांगायला शब्द लागत नाहीत, टॉवेल लागतो. साबणाचा फेस, मग ब्रश, मग पाण्याचा असा फवारा की माझा चष्मा पुढच्या तीन सीट ओलांडून गेला. मी मुलांकडे वळले तर मुंगळा तोंड उघडं ठेवून, आपण स्वर्गात पोचलो अशा चेहऱ्याने बसलेला. आणि फौजदार ताठ, एका हाताची घडी तशीच, दुसरा हात सरळ वर. कोपरावरून पाणी गळतंय, वेणी गालाला चिकटलीय, पण हात वर.

ड्रायव्हर धावत मागे आला. "आजी, शेवटचा स्टॉप ओरडून सांगितला की हो. गाडीत माणसं आहेत म्हणून एक तरी आवाज करायचा." मी फौजदाराला म्हटलं, अगं, तू का नाही बोललीस? ती म्हणाली, "मला कळलं होतं आपण चुकीच्या बसमध्ये बसलो ते. पूल आला तेव्हाच हात वर केला होता. तू बघितलंच नाहीस." पूल म्हणजे वीस मिनिटं आधी.

गमबूट घातलेल्या बस धुणाऱ्याने आम्हाला त्याच्या खोलीत हीटरसमोर बसवलं, कोरडे टॉवेल दिले, साखर घातलेला चहा दिला. म्हणाला, "सतरा वर्षं गाड्या धुतोय, माणसं पहिल्यांदाच धुतली." मुलांनी त्याला एक नव्हे, अकरा प्रश्न विचारले. त्याच्या दोन मुलींचंही कळलं. शाळेत जागा मिळत नाही, दोन वर्षं खेटे घालतोय, आणि त्या दोघी रोज घरी बाहुल्यांची हजेरी घेतात. मी मात्र त्या दिवशी काही विचारलं नाही. मला तो वर केलेला हात दिसत होता.

शुक्रवारी संध्याकाळी लेक आली. तिने बॅग उघडली आणि मोजे वेगळे काढायला बसली. मी दारात उभी राहून तिला विचारलं, तुला शाळा आवडायची का ग? ताई, ती माझ्याच शाळेत होती, चौथीत माझ्याच वर्गात होती, आणि मी हे तिला तीस वर्षांत विचारलेलं नाही. तिने मोज्याचा जोड लावला. म्हणाली, "आवडायची. फक्त चौथी नाही. चौथीत मी वर्षभर हात वर करायचे आणि तू माझ्याकडे बघायची नाहीस. लोक म्हणतील, बाईंची लेक म्हणून पुढे करतात. मग मी करायचं सोडून दिलं." रागाने नाही म्हणाली, मोज्यांबद्दल बोलावं तसं म्हणाली. मी म्हटलं, एवढी उत्तरं यायची तुला? "उत्तरं कसली? बहुतेक वेळा बाथरूमला जायचं असायचं."

आम्ही हसलो की रडलो ते फौजदाराला ठरवता आलं नाही. ती पडद्यामागून वही घेऊन आली आणि माझ्या नावापुढे पहिल्यांदाच काहीतरी वेगळं लिहिलं. "मान्य."

मग मी फॉर्मचंही सांगून टाकलं. लेकीने बॅग बंद केली. नंतर म्हणाली, "मावशीला सांग, त्या फॉर्मवर सही आईची लागते, आजीची चालत नाही." तेव्हा ताई, फॉर्म कोरे परत पाठवते आहे, शनिवारी सकाळीच जावयाच्या हाती. रागावू नकोस. रागावलीस तरी या खेपेला मी मान हलवणार नाही, आणि पत्रातून ती तशीही दिसत नाही.

तुझी,
धाकटी

ता. क. खरं पत्र इथून आहे. पुढच्या महिन्यात फौजदाराने कागदावर "शाळा" असं लिहून ठेवलंय. तिथे मुलं दिवसभर काय करतात ते बघायला यायचं आहे, तुझ्या ओळखीने एक दिवस जमवून दे. दोघंही तुलाच प्रश्न विचारणार आहेत. तिचा कळलेला नाही. मुंगळ्याचा असा आहे की घंटा झाली आणि गोष्ट संपली नसेल तर बाई काय करतात. तयारी ठेव. मला फोन करून विचारू नकोस, मला येत नाही.

ता. क. २. दोन जागा बस धुणाऱ्याच्या मुलींना. पत्ता गुरुवारी निघताना मी फॉर्मच्या मागे त्याच्याच अक्षरात लिहून घेतलाय, शनिवारी बाराच्या आत भावोजींना बाकावरून उठव आणि फॉर्म देऊन तिकडे पाठव. तू घाईने घेऊन ठेवलेलं गणवेशाचं कापड त्यांनाच, थोरलीला जास्त लागेल, ती उंच आहे. अक्षरांचे पत्ते सोबत पाठवते आहे, ते धाकटीला. पाण्याच्या बाटल्या तू एक निळी, एक लाल घेतल्या आहेस. दोघी निळीसाठी भांडतील, तेव्हा अजून एक निळी घे. लाल मला पाठव, सोमवारी आम्हाला सांडपाण्याचा पंप बघायला जायचंय.