एक ते पाच

सोमवार, २ सप्टेंबर. सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी. घरात कोणाच्या हाती लागू नये म्हणून बुटांच्या जुन्या खोक्यात ठेवणार.

बावीस वर्षं शाळेत टायपिंग शिकवलं. यंदा टायपिंग बंद झालं. मुख्याध्यापिकाबाईंनी दोनच पर्याय दिले. नववीच्या पंधरा मुलांना ‘एआय आणि डेटा साक्षरता’ शिकवायची, नाहीतर तळघरातलं पुस्तक भांडार सांभाळायचं. भांडाराला खिडकी नाही. मी एआय घेतलं. अवघड काय आहे? कीबोर्ड तोच. दर गुरुवारी एक तास, पाच आठवडे चाचणी. मग संस्थेचे सचिव येऊन मला ठेवायचं की नाही ते ठरवणार. ठेवतीलच.

संकल्प: रोज पहाटे पाचला उठून एआयचा अभ्यास. पुस्तक आणलंय. जाड आहे.

मंगळवार, ३ सप्टेंबर

उठलो ७.४०. गजर झाला होता म्हणे. मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला होता, त्यामुळे तो हिला ऐकू गेला, मला नाही. अभ्यास बुडण्याला घरातली प्लगची व्यवस्था जबाबदार.

दुपारी पाच तासांची योजना करून एआयलाच दाखवली. चार तास टायपिंग, एक तास उजळणी. यंत्र म्हणालं, उत्कृष्ट आणि विचारपूर्वक योजना. बावीस वर्षांत एकाही मुख्याध्यापकाच्या तोंडून हे निघालं नव्हतं. यंत्राला माणसाची पारख आहे.

गुरुवार, ५ सप्टेंबर. तास पहिला

कॉम्प्युटर आठ, चालू पाच, माउस चार. पाया पक्का हवा, म्हणून आधी बोटं कीबोर्डवर जागच्या जागी. मग ‘डेटा’ हा शब्द दोनशे वेळा. मुलं भारावून गप्प होती. एकाने विचारलं, सर, एआय कधी? म्हटलं, बोटांतून येईल.

पहिल्या बाकावर एक चष्मेवाली मुलगी आहे. तिला इथे शंकाबाई म्हणू. तिने विचारलं की यंत्राला मांजर म्हणजे काय ते कळतं, की त्याने नुसते मांजरांचे ढीगभर फोटो पाहिलेले असतात? प्रश्न बरा होता. उत्तर मला येतच होतं, पण घाईत सांगण्यासारखं नव्हतं. फळ्यावर ‘विचाराधीन’ असा मथळा देऊन खाली प्रश्न लिहून ठेवला. घंटेला दहा मिनिटं होती. तेवढा वेळ मुलं त्या मांजरावरून आपसात भांडत बसली. शिस्त गेली. पुढच्या तासाला टायपिंग वाढवायचं.

शेवटी चिठ्ठ्या. डेटा साक्षरता म्हणजे मोजमाप, हे मला न वाचताच कळलंय. ‘आजचा तास कसा वाटला? १ ते ५ पैकी एक आकडा लिहा.’ नाव घालायचं नाही, चिठ्ठी खडूच्या खोक्यात टाकायची. सरासरी आली ३.२. पहिल्याच प्रयत्नात तिसऱ्या नंबराच्या आसपास. पहिला नंबर आता लांब नाही.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

हिला सांगितलं. ही म्हणाली, मी तर टॅक्सीवाला बरा वाटला की त्याला पाच देते. एक फक्त एकालाच दिला होता, भलत्याच गल्लीत उतरवून गेला होता तो. मी समजावलं की टॅक्सी वेगळी आणि शिक्षण वेगळं. शाळेत पहिला तो पहिला. पाचव्या आलेल्याचा फोटो पेपरात कोण छापतं? ही बरं म्हणाली. हिचं ‘बरं’ मला कधीच आवडलेलं नाही.

गुरुवार, १२ सप्टेंबर. तास दुसरा

टायपिंग. मग थोडी करमणूक म्हणून यंत्राने माझ्या योजनेला काय म्हटलं ते वाचून दाखवलं. शंकाबाई उठली आणि टाइप केलं: सगळ्या वर्गाला तासभर झोपवून ठेवायची माझी योजना कशी वाटते? यंत्र म्हणालं, उत्कृष्ट आणि विचारपूर्वक योजना. मुलं बाकं बडवून हसली. शंकाबाई म्हणाली, सर, हे सगळ्यांनाच असं म्हणतं, मग याच्या म्हणण्याला किंमत काय? मी म्हटलं, सुसंस्कृत आहे ते, तुमच्यासारखं नाही. प्रश्न मात्र फळ्यावर घ्यावा लागला. विचाराधीन एकूण सात.

सरासरी २.६. प्रगती.

पुस्तक उशाशी ठेवलंय. प्रस्तावनेपर्यंत पोचलो.

गुरुवार, १९ सप्टेंबर. तास तिसरा

इंटरनेट बंद. देव पावला. पूर्ण तास टायपिंग. फळा प्रश्नांनी इतका भरलाय की शिकवायचं ठरवलं असतं तरी जागा नव्हती. शिपाई म्हणाला, पुसू का? शंकाबाई आडवी आली.

सरासरी २.०. आलेख काढून मुख्याध्यापिकाबाईंच्या टेबलावर ठेवला. त्या म्हणाल्या, रेघ खाली चाललीय. मी म्हटलं, तेच तर. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. कौतुकाला शब्द सापडत नसावेत. मी त्यांना अवघडवून न टाकता निघून आलो.

गुरुवार, २६ सप्टेंबर. तास चौथा

आज मन भरून आलं. चिठ्ठ्या लिहिताना शेवटच्या बाकावरच्या मुलाने हात वर करून विचारलं, सर, शून्य लिहिलं तर चालेल का? बाकीचेही माना डोलवायला लागले. एकवर यांचं समाधान होत नाही, त्याच्याही पुढे जायचंय यांना. मी गहिवर आवरून म्हटलं, नाही, नियम म्हणजे नियम.

चौदा चिठ्ठ्यांवर १.

पंधराव्या चिठ्ठीवर ५. ठसठशीत, शिवाय अधोरेखित. सरासरी १.२७. एका माणसाने चौदा जणांच्या प्रेमात मिठाचा खडा टाकला. मागच्या चिठ्ठ्या काढून बघितल्या. दर आठवड्याला एक ५ आहेच. कोणीतरी पहिल्या दिवसापासून माझ्यावर डूख धरून आहे.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

नववीवर मधल्या सुट्टीत धाड. डेटा गोळा करतोय असं सांगून प्रत्येकाकडून ५ हा आकडा पन्नास वेळा लिहून घेतला. एक जण म्हणाला, सर, हे नाव न विचारता नाव काढून घेणं झालं ना? हे सगळं शंकाबाईच्या संगतीने.

रविवार, २९ सप्टेंबर. दुपारी ३.००

सकाळपासून भिंग घेऊन बसलोय. साडेसातशे ५ तपासले. ही दोनदा येऊन गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा म्हणाली, अहो, एवढ्या वेळात ते जाड पुस्तक वाचून झालं असतं. संशोधकाच्या घरचे नेहमी असेच असतात.

३.२५. सापडली. ५ ची शेपटी लांब, टोकाशी वळलेली. शंकाबाई.

वाईट वाटलं, हे इथे तरी लिहायला हरकत नाही. मुलगी पहिल्या बाकावर बसते, घंटा झाली तरी उठत नाही. मला वाटलं होतं, हिला तास आवडतो. माणूस ओळखता येत नाही हेच खरं. म्हणून तर डेटा लागतो.

सोमवार, ३० सप्टेंबर

पुस्तक अकराव्या पानाला उघडलं आणि उत्तर समोर. आउटलायर. सगळ्यांपेक्षा फटकून असलेला आकडा. तो आधी नीट तपासावा, तो तसा का आला ते शोधावं, आणि चूकच निघाली तर वगळावा, असं म्हटलंय. तपासण्याचा भाग फार लांब होता. वगळण्याचा भाग घेतला.

हेडक्लार्ककडून बदलीची स्लिप आणली, सही केली. शंकाबाई आजपासून चित्रकलेच्या तासाला. तिने विचारलं, माझं काय चुकलं? म्हणाली, मला हा तास आवडतो. मी म्हटलं, खोटं बोलायचं नाही, आकडे माझ्याकडे आहेत. तिने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि दप्तर उचलून गेली.

गुरुवार, ३ ऑक्टोबर. तास पाचवा

फळा स्वच्छ पुसून घेतला. कोणी आडवं आलं नाही. कोणी काही विचारलंही नाही. चाळीस मिनिटं फक्त कळांचा आवाज. कसला सुंदर तास.

चौदा चिठ्ठ्या. चौदा १. सरासरी १.०. अपूर्णांकसुद्धा शरण आला.

हिला म्हटलं, मंगळवारी सचिव येणार, निळा शर्ट इस्त्रीला टाक. भांडाराच्या किल्लीचा विषय आता संपल्यात जमा.

मंगळवार, ८ ऑक्टोबर. संध्याकाळी ५.३०

सुचेल तसं लिहितो.

सचिवांपुढे आलेख लावला. ३.२ वरून १.० पर्यंत सरळ उतार. त्यांनी विचारलं, यात चांगला आकडा कुठला? म्हटलं, एक, अर्थात. त्यांनी विचारलं, हे चिठ्ठीवर लिहिलं होतं का? म्हटलं, उघड गोष्टी लिहायच्या नसतात. मुख्याध्यापिकाबाई छताकडे बघत होत्या. सचिवांनी दारातून एका मुलाला आत बोलावलं, तोच शेवटच्या बाकावरचा. त्याने सरळ सांगितलं की एक म्हणजे सगळ्यात वाईट, साहेब, शून्याला सरांनी परवानगी दिली नाही.

खोलीत पंखा चालू होता, एवढं आठवतं.

सचिव भले गृहस्थ. त्यांनी विचारलं, पाचही आठवड्यांत एकानेही पाच दिला नाही? मी सवयीने, अजूनही थोड्या अभिमानाने, सांगितलं की एक मुलगी दर वेळी द्यायची, पण तिला मी वगळलं. म्हणजे तोंडातून निघून गेलं, आणि मग काय बोललो ते माझ्याच कानांवर पडलं.

मुख्याध्यापिकाबाईंनी नंतर ऑफिसात बोलावून पाणी दिलं. म्हणाल्या, शुक्रवारी चारपर्यंत तुमच्या तुकडीतल्या एका तरी विद्यार्थ्याने ‘हेच सर हवेत’ असं लिहून सही दिली, तर मी आणखी एक सत्र मागून घेईन. एकाने तरी.

हिने निळा शर्ट धुवायला टाकला. ‘बरं’सुद्धा म्हटलं नाही.

बुधवार, ९ ऑक्टोबर

चौदा जणांना भेटलो. सहा जणांना घाई होती. पाच जणांना वडिलांना विचारावं लागणार. दोघांची पेनं संपली होती. शेवटच्या बाकावरचा म्हणाला, सर, तुम्ही माणूस म्हणून चांगले आहात. सही मागितली तर म्हणाला, माणूस म्हणून कुठे करायची असेल तर करतो.

गुरुवार, १० ऑक्टोबर

राहिली शंकाबाई. पण ती आता तुकडीत नाही. हेडक्लार्कने स्लिप दाखवली, सही माझीच. परत आणता येईल का विचारलं. येईल, म्हणाला, विद्यार्थिनीची इच्छा असेल तर, आणि अर्ज पुढे सरकवला. मी त्याचे आभार मानले. पुस्तकातला तपासण्याचा भाग आज पूर्ण वाचला. फार लांब नाहीये. चार पानं.

काम होईल. मुलगी मनाने चांगली आहे, माझ्यावर तिचा जीव आहे. आकडे माझ्याकडे आहेत.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर. दुपारी ४.४०

सव्वातीनला चित्रकलेच्या वर्गात गेलो. आधी माफी मागितली. विद्यार्थ्याची माफी मागायची माझी ही पहिलीच वेळ, त्यामुळे मजकूर जरा अर्जासारखा झाला. ती म्हणाली, असू दे सर. मग मी विचारलं, पाच का द्यायचीस? ती म्हणाली, बाकीच्या तासांना उत्तर मिळतं आणि विषय मिटतो. तुम्हाला उत्तर यायचं नाही, म्हणून प्रश्न फळ्यावर राहायचा आणि आम्हाला त्यावर भांडता यायचं. टायपिंगला एकच दिला असता, पण चिठ्ठीवर आकडा एकच लिहायचा होता.

मी अर्ज आणि पेन पुढे केलं. तिने अर्ज नीट वाचला, दोन्ही बाजूंनी. म्हणाली, सर, मागच्या आठवड्यात आला असतात तर लगेच सही केली असती. पण आता मला इथे आवडायला लागलंय. हे तिने इतक्या हळू सांगितलं की रागावताही येईना.

मग म्हणाली, आज खुर्चीत बसलेला माणूस काढायचाय, शिपाईकाका बसणार होते, ते आलेच नाहीत. तुम्ही बसाल का?

बसलो. हलायचं नाही, अशी चित्रकलेच्या बाईंची ताकीद. चारचे ठोके पडले ते तसेच बसून ऐकले. बहुतेक मुलांनी मला केस जास्त दिले, चांगल्या घरची मुलं आहेत. शंकाबाईने मात्र दोनदा जवळ येऊन निरखून पाहिलं आणि मगच काढलं. तिच्या कागदावर एक म्हातारा होत चाललेला, थोडा घाबरलेला माणूस होता, हातात कोरा अर्ज.

बाई म्हणाल्या, अगदी हुबेहूब आलंय.

सोमवारी आठला भांडार. तिथला बल्ब गेलाय म्हणे.