लंगोट कुठे वाळवायचे

८ नोव्हें. १९७६
बैठकीत कापूस, ओसरीत कापूस, माजघरात अर्ध्या भिंतीपर्यंत कापूस. आणि पोरीच्या ढुंगणाखाली घालायला सुती चिंधी नाही! जुनी लुगडी-धोतरं सासूबाईंनी उन्हाळ्यातच भांडेवालीला देऊन टाकली. बदल्यात आलेलं पातेलं फळीवर चकाकतंय. तेव्हा मला दिवस गेलेले त्यांना ठाऊक होते. विचारलं तर म्हणाल्या, "या वयात टिकन म्हनून कोनाले वाटलं होतं, बापा?" टिकलं. आता पातेलं बांधू का तिला?
आमच्या लेकाचा, विलासचा, जुना टेरिलीनचा शर्ट फाडून पाहिला. थेंबभर शोषत नाही, सगळं खाली सोडून देतो. मालकासारखाच, अंगाला काही लावून घेत नाही.

११ नोव्हें.
ह्यांचं एक धोतर मागितलं. "मंग मी का नेसू?" म्हटलं, मुलगा घालतो तशी पॅन्ट शिवा. धोतर मिळालं.
फाडून उकळून घेतलं. चौकोन, कोपऱ्यावर कोपरा, त्रिकोण, टोकांना नाडी. विलासच्या वेळी डोळे मिटून बांधत होते. आता हात विसरलेत. पहिला सैल, मांडीवरून ओघळ. दुसरा इतका आवळला की पोटावर वळ. तिसरा नीट बसला, तो तिने तत्काळ भरून दिला.
समोर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर छोट्या कुटुंबाचा लाल त्रिकोण. ह्या बाजूला माझे पांढरे. सरकारला उत्तर म्हणून पुरे.

१५ नोव्हें.
लंगोट झाले, वाळवायचे कुठे? अंगणात ताडपत्रीवर कापूस. हे म्हणाले, "थेंब पडले तं ओल धरन. खरेदी केंद्रावर प्रत उतरली मंग?" म्हणून दोरी घरामागच्या बोळीत. तिथे ह्या दिवसांत ऊन येत नाही, शेजाऱ्यांची कोंबडी मात्र येते.
कापसाला ऊन हवं. मुलीचं काय, ती कुठे विकायची आहे!

२२ नोव्हें.
कापूस गेला एकदाचा. गाड्या देवळीला पोचल्या. अंगण मोकळं, लख्ख ऊन. फाटकापासून निंबापर्यंत दोरी बांधली.
संध्याकाळी पाहते तर दोरी गुंडाळून कोनाड्यात, लंगोट ओलेच टोपलीत. विलास.
"लोकं हासते, आई."
"कोणाला?"
"मले. लग्नाचं पोरगं घरात, अन् दारात आईचे लंगोट."
"माझे नाहीत. तुझ्या बहिणीचे आहेत."
ताट सरकवून उठला. बावीस वर्षांपूर्वी ह्याचे लंगोट ह्याच निंबाखाली टांगत होते. तेव्हा हसायला कोणी नव्हतं, सगळे पेढे खात होते.

२७ नोव्हें.
पोरीच्या जांघा सोलल्यात. बोळीतले लंगोट दमटच राहतात. शेगडीवर धरले तर धुरकट, कडक. खोबरेल लावते, ती किंचाळते. मी पुन्हा दोरी काढली तर सा.बा. आडव्या. "बाहेर टांगू नोको, नजर लागन." कालपर्यंत नजर दिवेलागणीनंतरची होती, आता भर दुपारीही लागते. विलासच्या सोयीने नजरेचं वेळापत्रक बदलतं वाटतं.

१ डिसें.
आज उलगडलं.
रविवारी सेलूचे लोक घर पाहायला येणार, विलाससाठी. मध्यस्थाला सांगून ठेवलंय, मुलगा एकुलता, मागे कोणी नाही. आता हे म्हणतात, पोरीला त्या दिवशी माझ्या भावाकडे देवळीला पोचवा.
"अंगावर पिते ती."
हे म्हणतात, "एक दिवसाचाच तं प्रश्न हाय. वरचं दूध देजो म्हना वहिनीले."
आणि लग्न ठरल्यावर? ती काय फळीवर ठेवायची, पातेल्याशेजारी?
बारसं का लांबत होतं तेही कळलं. नाव ठेवलं की गावाला हाक ऐकू जाते. नाव नाही, ऊन नाही. आणि म्हणे मी तापट.

५ डिसें., रवि.
सकाळीच सगळे लंगोट गरम पाण्यातून काढले, पिळले. फाटक ते निंब. सगळेच्या सगळे.
विलास: "सोड ते."
"हात लावून पाहा."
लावला नाही. हे गोठ्यात गेले, बैलांशी महत्त्वाचं बोलायचं असावं.
पाहुणे दोरीखालून वाकूनच आत आले. मध्यस्थ उगाच खोकला. सेलूच्या मुलीची आई दोरीपाशी थांबली, एक लंगोट चिमटीत धरून पाहिला.
"वाळले हो. लेकरू कोनाचं?"
ह्यांनी विलासकडे पाहिलं. विलासने लाल त्रिकोणाकडे.
"माझं," मी म्हटलं.
त्यांनी माझ्या पिकलेल्या भांगाकडे पाहिलं. "दाखवता का?"
आत नेलं. त्यांनी पोरीला उताणी केली, नाडी सोडली, जांघा पाहिल्या. मग एवढंच, "काऊन वो, एवढी कशी सोलली?"
सांगितलं. सगळं. बोळ, शेगडी, देवळी.
बाहेर येऊन ह्यांना म्हणाल्या, "आमाले तं एकुलता सांगतला होता."
"पोरगा एकुलताच हाय," हे.
पोहे खाल्ले. "कळवतो" म्हणाले. जाताना पुन्हा दोरीखालून.

९ डिसें.
सेलूहून काही नाही. विलास माझ्याशी बोलत नाही. सा.बा. बोलतात, पण फळीशी. जांघांवर खपली धरलीय. आज तेल लावलं तेव्हा पोरगी रडली नाही, पाय झाडत राहिली.
ह्यांना म्हटलं, बारशाचा दिवस काढा. "सेलूचं कळू तं दे." थोड्या वेळाने, मवाळ होऊन: "दोरी जराशी वर बांधली तं? पोराले वाकून जा लागते."
लागतं खरं. सकाळ-संध्याकाळ, मान खाली घालून, बहिणीच्या लंगोटांखालून.
दोरी आहे तिथेच आहे.