ऊन लागलेल्यांची खोली

२९ मे १९८७

प्रिय दैवशाला,

तुझ्या बदलीला दहा महिने होत आले. एवढ्या दिवसांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, त्यामुळे पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. तरी शेवटपर्यंत वाच.

यंदा उन्हानं कहर केलाय. सकाळी अकरानंतर रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. पण या महिन्यात आपल्या दवाखान्यात ऊन लागलेली चौदा माणसं आली आणि चौदाही जण आपल्या पायांनी घरी गेले. हे लिहितानासुद्धा छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटतंय.

फेब्रुवारीतच मी नव्या डॉक्टरांना म्हणाले, उन्हाळा काही अचानक येत नाही, मग त्याची तयारी आधीच का करू नये? ते लगेच उठले. मागची दगडी खोली तुला आठवत असेल, मोडक्या खाटा आणि जुने कागद कोंबलेली. ती रिकामी केली. जाड भिंती, उत्तरेची खिडकी; आपल्या पत्र्याच्या वॉर्डापेक्षा कितीतरी गार. छताला वरून चुना मारला, दारा-खिडक्यांना गोणपाटं लावली. आपली आया पारूबाई ती दिवसभर भिजवत असते. पाण्याचे दोन रांजण, सलाईन, चार खाटा, आणि वीज जाते म्हणून हातपंखे. बर्फाचंच अवघड होतं. आता सकाळच्या एसटीनं पूर्णेहून भुशात गुंडाळलेली लादी येते. कंडक्टर दत्तराव स्वतः उतरवून देतात. गावोगाव दवंडीही दिली, की ऊन लागलेल्याला पांघरूण घालू नका, सावलीत न्या, अंग भिजवा आणि तसंच दवाखान्यात आणा.

परवा झरीच्या नर्मदाबाई आल्या. रानात धसकटं वेचता वेचता पडल्या होत्या. नवरा बैलगाडीतून घेऊन आला आणि रडायलाच लागला, "बाई, अंगात निस्ता जाळ हाय, बोलंना झालीय." पारा एकशे सातवर, कातडी कोरडी ठाक. ओली चादर टाकली, काखेत बर्फ धरला, सलाईन लावलं, आणि नवऱ्याच्या हातात पंखा दिला. त्या माणसानं दीड तास हात थांबवला नाही. पारा एकशे एकवर आला तेव्हा बाईंनी डोळे उघडले आणि विचारलं, "शेळी बांधली का?" आम्ही सगळेच हसलो. मी मात्र खोलीमागं जाऊन पोटभर रडले.

का रडले, ते तुझ्याशिवाय कुणाला कळणार? नर्मदाबाईंसाठी मी जे केलं, ते सगळं तू मला गेल्या वर्षी पंडितसाठी सांगितलं होतंस. ऊसतोडीहून उघड्या ट्रकमधून भर उन्हात आलेला तो तरणाताठा माणूस. मी हिवताप म्हणून इंजेक्शन दिलं, वर ब्लँकेट घातलं. तू म्हणालीस, "ताई, याला घाम न्हाई. हा हिवताप न्हाई, अंग ओलं करू." मी थोरली नर्स, सगळ्यांसमोर तुला गप्प केलं. दिवस मावळायच्या आत तो गेला. चौकशीत तू खरं ते सांगितलंस आणि माझ्याकडं पाहिलंस. मी मान खाली घातली. हलगर्जीचा शेरा तुझ्या नावावर पडला आणि बदलीही तुझीच झाली.

सोमवारी मी वरिष्ठांना सगळं लेखी दिलं. माझ्यावर काय कारवाई व्हायची ती होवो. मला आता तिची भीती राहिली नाही. तुझा शेरा निघेल, असं डॉक्टर म्हणतात. तुला इथं परत यायचं असेल तर तसा अर्ज कर. नसेल यायचं तरी तुझा राग मला मान्य आहे.

तो लेखी जबाब देऊन मी पंडितच्या घरी गेले. त्याच्या बायकोला, कस्तुराबाईला, चूक माझी होती हे तोंडानं सांगितलं. मग तिनं एवढंच विचारलं, "हे त्या धाकल्या बाईला सांगितलं का?"

नव्हतं सांगितलं. म्हणून हे पत्र.

तुझीच, तू ठेवशील तर,
कुसुमताई