खिळ्यांचे टायर

ओउलू, ८ डिसेंबर

प्रिय ताई,

आम्ही ठीक आहोत. तुमच्याकडचं तळं गोठलं का?

तुझी भावजय रितवा कामावर जाताना सायकलवरून पडली. मनगट मोडलंय, हाड जुळेल म्हणतात. नाताळात चर्चमधला ऑर्गन मात्र दुसरंच कुणीतरी वाजवेल.

चूक माझी, ताई. दुकानात ती म्हणाली होती, "बर्फाचे दिवस आलेत, खिळ्यांचे टायर घेऊ या." मीच हसलो. "किती खडखडतात ते! रस्ते साफ असतात गं, साधेच घे." पुलावरच्या बर्फावर चाक सटकलं.

ती मला एका शब्दानं बोलली नाही. काल मी तिच्या सायकलला खिळ्यांचे टायर बसवले. "छान दिसतात," म्हणाली, आणि बसथांब्याकडे चालत गेली.

आईला फक्त मनगटाचं सांग.

तुझा धाकटा,
वेइक्को