दुसरा ब्रेक

प्रिय ठमे,

काल फोनवर नीट बोलता आलं नाही, बाबा शेजारीच बसले होते. आता ते दुपारचे जरा आडवे झालेत, तेवढ्यात लिहिते.

रविवारी येऊन, उचलून नेलेली गाडी सोडवून आणू असं तू त्यांना सांगितलंस. तेव्हापासून गाडीच्या कागदांची फाइल घेऊन बसलेत, जेवतानाही बाजूला ठेवत नाहीत. अख्ख्या गावाला गाडी शिकवली आणि स्वतः अग्निशमन दलाच्या फाटकासमोर लावून आलात, कमाल आहे बाबा तुमची, असं म्हणून तू हसलीस. तेही हसले. फोन ठेवल्यावर मात्र फाइलमधले कागद पुन्हा पहिल्यापासून तपासायला लागले.

ती गाडी तुला आठवते ना आतून? शिकवणीची गाडी, शिकणाऱ्याच्या पायाशी एक ब्रेक आणि शेजारी शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा. मी दाबायच्या आधी तुम्हीच का दाबता म्हणून किती भांडायचीस त्यांच्याशी! मीही त्यांच्याच हाताखाली शिकले. लग्नाला चार महिने झाले होते. मी गाडी सरळ कुंपणात घातली, तरी हा माणूस रागावला नाही. फक्त म्हणाला, जागा दिसली म्हणून गाडी लावू नये, कुणाचं अडणार नाही तिथे लावावी. चाळीस वर्षं प्रत्येक शिकणाऱ्याला त्यांनी हे ऐकवलं.

गेली दोन वर्षं त्या दुसऱ्या ब्रेकवर माझा पाय आहे. भाजी, दवाखाना, वाचनालय, ते जातील तिथे मी. म्हातारपणी हिला फिरायची हौस सुटलीय, असं सगळ्यांना कौतुकानं सांगायचे. लाल दिव्याला मी दाबायचे आणि त्यांना वाटायचं, आपणच थांबवली. डॉक्टरांनी गाडी बंद करा म्हटलं तेव्हा हो म्हणाले आणि संध्याकाळपर्यंत विसरले. किल्ली लपवली तर घर डोक्यावर घेतलं. तुला सांगितलं, तर तू म्हणालीस, आई, तुझं आपलं काहीतरीच.

गेल्या महिन्यात मी दात दाखवायला गेले होते, तेव्हा ते गाडी घेऊन एकटेच बाहेर पडले. शाळेच्या कोपऱ्यावर एका बाईनं बाबागाडी मागे ओढली म्हणून लेकरू वाचलं. बाबागाडीचं पुढचं चाक पार चेपलं होतं. ती बाई दारात येऊन मला ते चाक दाखवून गेली, आवाजसुद्धा चढवला नाही. बाबांना त्यातलं काहीएक आठवत नाही.

म्हणून मंगळवारी ते अंघोळीला गेले तेव्हा गाडी मी काढली. मीच ती त्या फाटकासमोर लावली आणि समोरच्या औषधाच्या दुकानातून मीच वाहतूक पोलिसांना फोन केला. तिथे गाडी पाच मिनिटंही ठेवत नाहीत, हे मला त्यांनीच शिकवलेलं. तिची पुढची चाकं उचलली, तेव्हा फुटपाथवर उभ्या उभ्या माझा पाय आपोआप दाबला गेला. मग चालत घरी आले आणि चहा टाकला.

वाटलं होतं, दोन दिवस चिडतील आणि विसरतील. बाकी सगळं विसरतात, नेमकं हेच विसरत नाहीत. रोज सकाळी विचारतात, मीच लावली का गं तिथे? मी हो म्हणते. त्यांचा स्वतःवर भरवसा राहिला नाही, म्हणून माझं खोटं खपतंय. फार वाईट वाटतं गं, पण दुसरं काही सुचलं नाही.

तू रविवारी ये, पण गाडी आणू नकोस. काहीतरी कारण सांग. कुणी नेली नाही तर भंगारात काढतील, काढू देत. काल बाबांनी अग्निशमन दलाला माफीचं पत्र लिहून मला टाकायला दिलं. अक्षर अजून तसंच सुरेख आहे. मला ते टाकवेना, फाडवेना, म्हणून या पाकिटात घातलंय. जपून ठेव. त्यांनी आयुष्यात कधी कुणाच्या वाटेत गाडी लावली नाही, त्या दिवशीही नाही. त्यांना मी हे कधीच सांगू शकणार नाही. निदान तुला तरी माहीत असावं.

तुझीच,
आई