बाळंतिणीचं सार

देजॉन, ८ मे १९९३

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

तुझी समुद्री शेवाळाची पेटी पोचली. तुझे जावई म्हणतात, सासूबाईंनी गिजांगचा किनाराच उचलून धाडलाय.

आता पुढचं वाचून रागावू नकोस. चिमुकल्या सुल-गीच्या रक्ततपासणीत तिची थायरॉईड मंद चालतेय असं निघालं. दूध नीट ओढत नाही, नुसती झोपते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तू काय खातेस. मी ऐटीत सांगितलं, तिन्ही त्रिकाळ शेवाळाचं सार, तेही आईनं धाडलेल्या जाड शेवाळाच्या पाण्यात उकळून. बाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, शेवाळातलं आयोडीन, कॅल्शियम, लोह बाळंतिणीला चांगलंच, पण जाड शेवाळात आयोडीन फार; ते दुधातून लेकराला जातंय. अति तिथं माती. सार बंद केलंय, औषध सुरू आहे, महिन्याभरानं परत रक्त बघतील. सुधारलं नाही तर पोरीच्या बुद्धीवर परिणाम होईल म्हणाल्या. आई, मला फार भीती वाटते गं.

माझ्या सासूबाई म्हणतात, सार न पिणारी बाळंतीण त्यांनी जन्मात पाहिली नाही. त्यांना तूच समजाव.

तुझी माया हवीच, फक्त शेवाळ आता धाडू नकोस.
तुझी हे-रान

गिजांग, १४ मे

चि. हे-रान हिस अनेक आशीर्वाद.

आधी तुझ्या डॉक्टरीणबाईंवर भडकलेच. आमच्या किनाऱ्यावर सगळ्याच बाळंतिणी सार पितात, त्यांची पोरं काय खुळी निघाली? तुझा मामा सोडून बोलतेय. मग शेजारच्या सुन-रे काकूंकडे गेले. त्या म्हणाल्या, अगं, आपल्या वेळी मूठभर शेवाळात घरभर सार व्हायचं, तू तर पोरीला म्हशीसारखा चारा घातलास. खरंच आहे त्यांचं. चूक माझी, सार थांबवा, असं विहीणबाईंनाही वेगळं लिहिलंय.

एवढं का धाडलं, ते सांगते. तू झालीस तेव्हा शेवाळाचा हंगाम भरात होता. हाती येईल ते विकायचं, घरात ठेवायची सोय नव्हती. सासू वारलेली, आई लांब. मला सार करून घालणारं कुणी नव्हतं. मिठाच्या पाण्यात भात कालवून खाल्ला आणि परत खडकावर शेवाळ कापायला गेले. माझ्या लेकीच्या बाळंतपणात भांडं रिकामं दिसता कामा नये, हे तेव्हाच ठरवलं होतं. त्या नादात नातीच्याच जिवावर उठले.

निकाल लगेच कळव. तोवर घास गोड लागायचा नाही.
तुझीच, आई

देजॉन, २० जून

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

रक्त चांगलं आलं. औषध थोडे दिवस चालेल, पण काळजी नाही. सुल-गी आता दूध ओढते आणि भोकाड पसरते. आवाज तुझ्यावर गेलाय. मलाही आठवड्यातून एक वाटी सार चालेल असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पातळ शेवाळाचं.

सुल-गीच्या शंभराव्या दिवशी लेकरं राखणाऱ्या देवीपुढे सार ठेवायचंय, तेव्हा तू ये. येताना काही आणायचं नाही. देवीचं झालं की पहिली वाटी तुला. उठून कामाला लागायचं नाही, स्वस्थ बसायचं. बाळंतिणीला वाढतात तसं मी तुला वाढणार आहे. फार उशीर झालाय गं आई, पण सार गरम असेल.

वाट पाहते.
तुझी हे-रान